उसाच्या बेटावर जेवताना



काल रात्री तुमच्या घरी कोणती भाजी झाली होती? ती परसातली होती, बांधावरची होती, की आठवडे बाजारातून पिशवी भरून आणलेली होती? उत्तर मला कळवू नका. स्वतःशीच द्या आणि मग पुढे वाचा.

तीस वर्षे मी तुमच्या ओसरीवर बसून बियाणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या विचारीत आलो. हा साधा प्रश्न मात्र मी कधी विचारला नाही. तो मला सुचला समुद्रापलीकडे, मॉरिशसच्या बेटावर, एका ऊस उत्पादकाच्या पडवीत केळीच्या पानावर जेवताना. त्या जेवणाची हकीकत आज सांगणार आहे. शेवटी माझ्या एका चुकीची कबुलीही देणार आहे.

बेट आणि परिषद

ऊस आणि साखर व्यवसायाची एक परिषद मॉरिशसला भरली होती. आमच्या भागातील एका सहकारी साखर कारखान्याचे काही संचालक आणि ऊस उत्पादक तिला जाणार होते. त्यांच्याबरोबर तांत्रिक माहिती समजून घेण्यासाठी माझेही जाणे ठरले. सप्टेंबर महिना होता. आपल्याकडे कारखाने बंद होते, तिकडे गाळप जोरात चालू होते.

याचे कारण सोपे आहे. नाशिक विषुववृत्ताच्या जेवढे उत्तरेला, जवळपास तेवढेच हे बेट दक्षिणेला. त्यामुळे ऋतू उलटे. तिकडे साधारण जून ते डिसेंबर हा तोडणीचा हंगाम. बेट तसे लहान, सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. विमानतळावरून निघालो आणि दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस लागला. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसले. आपल्या सह्याद्रीसारखाच हाही ज्वालामुखीचा काळा पाषाण. जमीन उसाखाली आणताना मजुरांनी हातांनी दगड वेचले आणि तेथेच रचून ठेवले.

ते मजूर आपलेच. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर येथे उतरले. गुलामगिरी बंद होत होती आणि मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर आली. बहुतेक बिहारकडची, काही तामीळ व तेलुगू मुलखातली आणि काही मुंबई बंदरातून चढलेली आपल्या कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची. पोर्ट लुईस बंदरात ते जेथे उतरत ती जागा ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपली आहे. २००६ मध्ये ती जागतिक वारसा ठरली.

परिषदेचे ठिकाण पश्चिम किनाऱ्यावरचे एक मोठे विहारधाम होते. पुढे निळा समुद्र, मागे हिरवळ, आत थंड हवेचे सभागृह. तीन दिवस भाषणे झाली. साखरेचे भाव, बगॅसपासून वीज, इथेनॉल, उसाच्या नव्या जाती असे विषय होते. आमचे संचालक वह्या उघडून नीट ऐकत होते. त्यात घेण्यासारखे पुष्कळ होते. एकच गोष्ट सांगतो. तेथे शेतकऱ्याच्या उसातून जेवढी साखर निघते तिच्यातला ७८ टक्के वाटा शेतकऱ्याचा धरतात, बाकीचा कारखान्याचा. साखर सगळी एकाच संस्थेमार्फत विकली जाते. हिशेब असा उघडा असला की कटकटी कमी होतात.

विहारधामातले ताट

जेवणाची सोय पाहून आमची मंडळी पहिल्या दिवशी दिपून गेली. लांबच लांब टेबले, चकाकती भांडी, हवे ते हवे तेवढे वाढून घ्यायचे. पण दुसऱ्या दिवशी एक संचालक हळूच म्हणाले, “साहेब, पोट भरतंय, पण जेवल्यासारखं वाटत नाही.” त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. तिसऱ्या जेवणाला ती डबी सगळ्या टेबलावर फिरू लागली.

मी स्वभावाने चौकस. वाढणाऱ्या मुलाला विचारले, “यातले येथे काय पिकते?” तो हसला आणि बोटाने दाखवू लागला. तांदूळ बाहेरचा. पावाचा गहू बाहेरचा. लोणी, चीज, दुधाची भुकटी बाहेरची. सफरचंदे बाहेरची, मटण बाहेरचे, डाळ बाहेरची. येथले काय? कोंबडी, अंडी, थोडे मासे, ताज्या भाज्या, अननस आणि साखर.

मी पुन्हा त्या टेबलाकडे पाहिले. आम्ही ज्या उसातून दोन तास गाडीने आलो होतो, तो सगळा ऊस मिळून या टेबलावर एका लहानशा वाटीत बसला होता. बाकीचे बहुतेक जहाजातून उतरले होते.

बाजारातली डाळपुरी

तिसऱ्या दिवशी दुपारी मोकळीक मिळाली. आम्ही पोर्ट लुईसच्या मध्यवर्ती बाजारात गेलो. भाजीच्या ओट्यांपाशी पाय ठेवला आणि सगळ्यांचे चेहरे फुलले. दोडका, पडवळ, कारली, भेंडी, दुधी, लाल भोपळा, अळू, सगळे आपले गोत! नावे तेवढी वेगळी. येथे घरोघर क्रिओल भाषा बोलतात. ती फ्रेंचमधून निघाली, पण तिच्यात देशोदेशीचे शब्द मिसळले आहेत. कोथिंबिरीला ‘कोतोमिली’, चटणीला ‘सातिनी’, भेंडीला ‘लालो’. पालेभाजीला ‘ब्रेद’ म्हणतात. एका ओट्यावर कोवळ्या पाल्याच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. ‘ब्रेद मुरुम’ असे नाव सांगितले. हातात घेऊन पाहतो तो शेवग्याचा पाला! आपण शेंगा तोडतो आणि पाला शेळीपुढे टाकतो. येथे तो मोल देऊन घरी नेतात.

बाजाराच्या कडेला काचेची पेटी घेऊन एक बाई ‘डाळपुरी’ विकत होत्या. गिऱ्हाइकांची रांग होती. डाळपुरी नेहमी जोडीने देतात. पातळ, मऊ, हळदीच्या रंगाची. त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून, गुंडाळी करून कागदात हातावर ठेवतात. पहिला घास घेतला आणि मी थबकलो. आत शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ होती. अहो, ही तर आपली पुरणपोळी, फक्त गूळ न घातलेली! बिहारकडून आलेल्या मजुरांनी ती आणली आणि आता त्या बेटावर चिनी, मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू सगळे ती खातात. शेजारच्या गाडीवर ‘गातो पिमां’ म्हणून काही तळत होते. नाव मोठे परदेशी, पण वस्तू काय? डाळीचे वडे, मिरची-कोथिंबीर घातलेले.

उसाच्या शिवारात राबताना त्यांना करारात ठरलेला शिधा मिळे. तांदूळ, डाळ, तेल, मीठ. त्या शिध्यातून जे घडले ते दोनशे वर्षे टिकले. आणि तीन दिवस सभागृहात बसूनही कळले नव्हते ते मला त्या कागदाच्या पुडीत कळू लागले.

माळ्याच्या घरची पंगत

विहारधामाच्या हिरवळीवर एक तरुण माळी काम करी. सकाळी आम्ही मराठीत बोलत फिरत होतो. तो कात्री थांबवून जवळ आला आणि म्हणाला, “बोंझूर तोंतों.” तोंतों म्हणजे काका. मग जपून, शाळेत पाठ केल्यासारखे म्हणाला, “तुम्ही मराठी? मी पण मराठी.”

त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून गेलेले. गावाचे नाव घरात कोणाला आठवत नाही. घरात भाषा क्रिओल, मराठी शाळेत आणि देवळात शिकलेली. तिकडे प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. त्याचा आजा ऊस तोडी. बाप लहान ऊस उत्पादक. तो स्वतः हिरवळ कापतो. त्याची आई ठरवून आलेल्या पाहुण्यांना घरी जेवू घालते, त्याचे पैसे घेते. त्या संध्याकाळी आम्ही सहाजण त्याच्या घरी गेलो. गाव कास्कावेलच्या बाजूला, डोंगर आणि ऊस यांच्या मध्ये.

पडवीत टेबलावर केळीची पाने मांडली होती. आईने नमस्कार केला आणि म्हणाली, “बसा. पोटभर जेवा.” तिला तेवढेच मराठी येत होते, पण तेवढे पुरेसे होते. पानावर भात, वरण, लाल भोपळ्याची भाजी, वांग्याची रसभाजी, शेवग्याच्या पाल्याचा पातळ रस्सा, खारवलेल्या मासळीची टोमॅटोत शिजवलेली ‘रुगाय’, काकडीची कोशिंबीर, लोणचे, पापड असे सारे आले. मिरचीचा एक गोळा होता, आपल्या ठेच्याचा सख्खा भाऊ. ज्या संचालकांची चटणीची डबी तीन दिवस फिरत होती, त्यांनी ती खिशातून बाहेर काढलीच नाही.

मी सवयीने विचारले, “यातले घरचे काय?” माळ्याचा बाप उठला आणि बॅटरी घेऊन आम्हाला परसात घेऊन गेला. शेवगा दोन झाडे. कढीपत्ता. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी. मांडवावर दुधी. दगडांच्या ढिगावर भोपळ्याचा वेल चढवलेला. वांगी, मिरच्या, टोमॅटो यांचे वाफे. भात, डाळ, तेल आणि मासळी एवढेच विकतचे.

भाव गेला तेव्हा

परत येऊन बसल्यावर त्याने आपली हकीकत सांगितली. मुलगा मधूनमधून अर्थ करून सांगत होता. सभागृहात आकड्यांत ऐकलेली गोष्ट येथे एका घरात घडलेली ऐकायला मिळाली.

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले तेव्हा देशाच्या निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा साखरेचा होता. १९७५ पासून युरोपशी करार झाला. दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर युरोप बांधलेल्या भावाने घेई आणि तो भाव जागतिक बाजारापेक्षा बहुतेक वर्षे पुष्कळ जास्त असे. मग कोण दुसरे पीक घेणार? घराच्या भिंतीपर्यंत ऊस आला. वादळ झाले तरी ऊस आडवा होऊन पुन्हा उठतो, आणि त्याला विम्याचे संरक्षणही होते. माळ्याच्या बापाने आपल्या वडिलांच्या हातची भाजीची जागाही उसाखाली घेतली. त्याची जमीन चार ‘आर्पां’, हे माप आपल्या एकराहून किंचित मोठे.

युरोपने २००६ पासून टप्प्याटप्प्याने भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये तो जुना करार संपला. मोठ्या मळेवाल्यांनी यंत्रे आणली, वीज विकली, किनाऱ्यावरच्या जमिनीवर हॉटेले आणि घरे उभी केली. लहान शेतकऱ्याजवळ काय होते? तोडणीची मजुरी परवडेना, मुले शेतात यायला तयार होईनात. हजारोंनी ऊस सोडला. जमिनी पडीक पडल्या. १९७३ साली बेटावर सात लाख टनांवर साखर झाली होती. अलीकडे ती अडीच लाख टनांच्या आतबाहेर असते. त्या काळी वीसवर कारखाने होते, आता तीन चालतात. आमच्या यजमानाने चारपैकी दोन आर्पां ऊस मोडला आणि दोन वर्षे ती जमीन तशीच पडू दिली.

“मग भाजी केव्हा लावली?” मी विचारले.

उत्तर बायकोने दिले. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली. देश बंद झाला. तेथे काही दिवस किराणा मालाची दुकानेसुद्धा बंद होती. पुढे उघडली ती आडनावाच्या पहिल्या अक्षरानुसार वार ठरवून. तुमच्या अक्षराचा वार येईपर्यंत थांबायचे. हॉटेले ओस पडली, मुलगा घरी बसला. परदेशी पाहुण्यांसाठी देश पुरता खुला झाला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये. “घराभोवती ऊस होता,” ती म्हणाली, “आणि चुलीवर टाकायला भाजी नव्हती.” शेजारणीच्या कुंपणातला शेवगा तेवढा उभा होता. त्याचा पाला दोन्ही घरांनी खाल्ला. टाळेबंदी उठायच्या आत त्यांनी पडीक तुकडा खणला.

म्हाताऱ्या आजोबांनी हे आधीच पाहिले होते, असेही तो म्हणाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. तेव्हा इंग्रज सरकारने सक्तीने उसाची काही जमीन मोडून तेथे मका, रताळी आणि साबुदाण्याचा कंद लावायला भाग पाडले. लोक कंद खाऊन जगले. युद्ध संपले, जहाजे आली, आणि पुन्हा सगळीकडे ऊस झाला. एकाच घराण्याने दोन पिढ्यांत एकच धडा दोनदा गिरवला.

गंमत पाहा. त्या माउलीच्या पडवीत आता जे पाहुणे पैसे देऊन जेवायला येतात, ते विहारधामातल्या भरल्या टेबलावरून उठून येतात. त्यांना हवा असतो तोच शेवग्याचा पाला आणि तोच दगडावरचा भोपळा. दोन आर्पां उसाची काळजी तिच्या बोलण्यात होती. परसाबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज घरच्या माणसाबद्दल बोलावे तसा होता.

माझी चूक

आता कबुली. १९९६ साली मी नोकरीत नवा होतो. एका गावात पाटाचे पाणी नुकतेच आले होते. तेथे एका घरची सत्तरीतली आजी उसाच्या कडेने चार सऱ्या भाजीच्या, बांधावर तूर आणि विहिरीजवळ दोन शेवगे राखून होती. मी पदवीच्या तोऱ्यात तिच्या मुलाला हिशेब मांडून दाखवला. या जागेत इतका ऊस बसेल, त्याचे इतके रुपये येतील, त्यातून वर्षाची भाजी विकत घेऊन वर पैसे उरतील. आजी चुलीपुढून म्हणाली, “साहेब, ऊस चुलीवर शिजत न्हाई.” आम्ही सगळे हसलो. त्या हंगामात शेवगे तोडले आणि बांध मोकळा केला.

माझा हिशेब कागदावर बरोबर होता. पण त्यात काही गोष्टी मी धरल्याच नव्हत्या. उसाचे पैसे येतात एकदम आणि उशिरा, भाजी लागते रोज. पैसे येतात पुरुषाच्या नावावर, भाजीची पिशवी भरावी लागते बाईला. बिल लांबले की पहिली काटकसर होते ती पालेभाजीत आणि डाळीत, आणि ती दिसते घरातल्या सुनेच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांत. मी बी-बियाण्याचा अधिकारी होतो. चुलीचा विचार माझ्या खात्यात येत नाही, असे समजत होतो.

मॉरिशसहून आल्यावर मी त्या गावी गेलो. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. सून आता साठीला आली आहे. बांध सरळ आणि उघडा आहे. मी तिला म्हटले, “वहिनी, तुमच्या सासूबाई बरोबर होत्या. मी चुकीचा सल्ला दिला.” ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आत गेली आणि फडताळातून एक पुरचुंडी घेऊन आली. आजीने जपलेले वालाचे बियाणे! सासूच्या मागे ती दर वर्षी मागल्या दारी दोन वेल लावून ते जिवंत ठेवीत आली होती. “एवढं सोडलं न्हाई मी,” म्हणाली. त्यानंतर आम्ही त्याच बांधावर शेवग्याच्या चार फांद्या लावल्या.

आपण काय करावे?

ऊस मोडा असे मी सांगत नाही. उसाने आपल्या गावांत शाळा आणल्या, पक्की घरे आणली. पण सगळी जमीन एका पिकाला आणि सगळे घर एका बिलाला बांधू नका. पुढील गोष्टी कोणालाही जमतील.

एक गुंठा घरासाठी राखा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. एकराचा चाळिसावा भाग. पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो भाजी धरली तर महिन्याला ४५ किलो लागते. सगळी नाही तरी तिचा मोठा भाग या तुकड्यातून निघू शकतो. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक-एक वाफा पेरा, म्हणजे तुटवडा पडत नाही आणि वायाही जात नाही. दोडका, कारली, वाल कुंपणावर चढवा. अळू आणि केळी न्हाणीच्या पाण्यावर लावा.

शेवगा उत्तरेच्या कडेला लावा, म्हणजे वाफ्यांवर सावली पडत नाही. झाड तीन फुटांवर छाटत राहा. फांद्या फुटतात, हाताशी राहतात, शेंगाही मिळतात आणि पालाही. त्या पाल्यात लोह, चुना आणि अ जीवनसत्त्व भरपूर. डाळीत टाका, थालीपिठात टाका, भाकरीच्या पिठात मळा.

उसात आंतरपीक घ्या. मॉरिशसला उसाच्या दोन ओळींमध्ये बटाटा घेतात. आपणही घेऊ शकतो. जोडओळ पट्टा पद्धतीत मधला पट्टा तीन-चार महिने मोकळाच असतो. आडसाली उसात भुईमूग, चवळी, सोयाबीन. पूर्वहंगामी उसात हरभरा, कांदा, लसूण, कोबी, बटाटा. सुरू उसात भुईमूग, मूग, भेंडी, काकडी. मोठ्या बांधणीआधी निघेल असेच पीक निवडा आणि त्याचे खत वेगळे द्या, नाहीतर उसाला कमी पडेल. आणखी एक सावधगिरी. आंतरपीक असेल तेथे २,४-डी किंवा ॲट्राझीन ही उसातली तणनाशके मारू नका. भाजी, कडधान्य जळून जाईल. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा वाराही भाजीला बाधतो, त्याला आधी सांगून ठेवा.

आणि हिशेब लिहा. परसातून निघालेली भाजी एका वहीत बाजारभावाने मांडत जा. वही घरधनिणीच्या हातात द्या. वर्षाच्या शेवटी बेरीज करा आणि मग मला सांगा, तो गुंठा उसात घालायचा का?

गृहिणींसाठी: बेटावरची डाळपुरी

माळ्याच्या आईने सांगितलेली कृती अशी. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या चार तास भिजवून, चिमूटभर हळद घालून शिजवावी. बोटाने दाबली की फुटावी, पण लगदा होऊ देऊ नये. पाणी गाळून वेगळे ठेवावे. आपण त्या कटाची आमटी करतो, त्या लोक त्याच कोमट पाण्यात पीठ भिजवतात आणि पोळी मऊ राहते. डाळ कोरडी वाटून त्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. तीन वाट्या मैदा, किंवा निम्मी कणीक व निम्मा मैदा, थोडे तेल व मीठ घालून सैलसर मळावा आणि अर्धा तास झाकून ठेवावा. पुरणासारखे भरून अगदी पातळ लाटावी. तव्यावर तेलाचा हात लावून दोन्ही बाजूंनी भाजावी, कडक होऊ देऊ नये. वालाची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि ठेचा यांच्याबरोबर वाढावी.

ऊसतोडीच्या, खुरपणीच्या दिवसांत शिदोरीला ही फार सोयीची आहे. डाळ पोटात जाते, हातावर घेऊन खाता येते आणि दुपारपर्यंत मऊ राहते.

उसळीचे वाल मात्र बाजारातले आणू नका. यंदा आपल्या कुंपणावर दोन वेल चढवा. बी नसेल तर गावात विचारा. एखाद्या वहिनीच्या फडताळात पुरचुंडी नक्की असेल.